हात जातो तेव्हा: अर्धं अंग लुळं पाडणाऱ्या मायग्रेनशी कसं वागावं

‘स्थिती’ या शब्दाची पहिली वेलांटी मला दिसेना. मी मुद्रितशोधक आहे. वेलांटी गळली की समासात खूण करायची, हे माझं रोजचं काम. खूण करायला पेन टेकवलं तेव्हा कळलं की चूक छापाची नाही. कागदाचा तेवढा तुकडाच चकाकत होता, पाण्यावर ऊन हलावं तसा. दहा-बारा मिनिटांत त्या चकाकीला करवतीसारखी दातेरी कड आली आणि ती उजवीकडे पसरत गेली. मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. मनगट, कोपर असं करत त्या वर चढल्या आणि खांदा सोडून एकदम ओठाच्या उजव्या कोपऱ्यात उतरल्या. अर्ध्या तासाने पेन गळून पडलं. ते उचलायला हात पुढे गेलाच नाही.

नवरा धावत आला. मला म्हणायचं होतं, ‘हात उचलत नाहीये.’ तोंडून निघालं, ‘पाटी... ती पाटी.’ काय सांगायचंय ते मला पक्कं ठाऊक होतं, पण शब्द भलत्याच खणातून बाहेर येत होते. उजवा पायही जड झाला होता. डोकं दुखायला लागलं ते या सगळ्यानंतर, डाव्या कानशिलात. पायात संध्याकाळपर्यंत बळ आलं, हातात मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी.

तेव्हा मी ३१ वर्षांची होते. असे अटॅक मला सतराव्या वर्षापासून येत होते आणि त्या चौदा वर्षांत मला ‘परीक्षेची भीती’, ‘अशक्तपणा’ आणि ‘लक्ष वेधून घेण्याची सवय’ अशी तीन निदानं मिळाली होती. तिसरं ज्या डॉक्टरांनी केलं त्यांनी माझ्या हाताची पकड तपासलीही नव्हती. त्याचा राग आजही गेलेला नाही. माझ्यासारखं आणखी कुणी चौदा वर्षं चाचपडू नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हा आजार नेमका काय आहे

याला हेमिप्लेजिक मायग्रेन म्हणतात. हेमिप्लेजिया म्हणजे शरीराची एक बाजू लुळी पडणं. मायग्रेनचा एक मोठा गट असा आहे की ज्यात डोकेदुखीच्या आधी किंवा तिच्यासोबत मेंदूची तात्पुरती लक्षणं दिसतात: चकाकी, मुंग्या, बोलण्यात अडथळा. या लक्षणांना ऑरा म्हणतात. ऑरामध्ये खरीखुरी कमजोरीही आली, तर तो आमचा प्रकार. तो फार विरळा आहे. डेन्मार्कमध्ये देशभर शोध घेतला तेव्हा साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण निघालं. त्यामुळे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी असा एकही रुग्ण पाहिलेला नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही. तपासायचंच नाही, हा दोष.

निदानासाठी किमान दोन अटॅक लागतात. त्यांत हातापायांची कमजोरी पूर्णपणे परत जाणारी हवी आणि तिच्या जोडीला दृष्टी, स्पर्श किंवा बोलणं यांतलं काहीतरी बिघडून पुन्हा पूर्ववत व्हायला हवं. चकाकी आणि मुंग्या साधारणपणे पाच मिनिटं ते तासभर टिकतात. कमजोरी जास्त रेंगाळते, बहुतेकांची ७२ तासांच्या आत जाते, पण काहींची आठवडे राहते. डोकेदुखी कुठल्याही बाजूला होऊ शकते, क्वचित होतही नाही. बाजूही बदलते: माझा बहुतेक वेळा उजवा हात गेला, पण दोनदा डावा गेला. त्या दोन्ही वेळी शब्द शाबूत राहिले, कारण बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते आणि तोच अर्धा उजवं अंग चालवतो.

आत काय होतं ते समजलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली, म्हणून तेही सांगते. मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत-रासायनिक खळबळीची एक लाट जाते. ती ज्या पेशींवरून जाते त्या आधी जोरात चेतवल्या जातात आणि नंतर काही वेळ गप्प पडतात. १९४१ मध्ये कार्ल लॅश्ली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःला दिसणारी चकाकी वेळ लावून कागदावर उतरवली आणि हिशोब मांडला: हे जे काही सरकतंय ते मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकतंय. तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, आरिस्तिदिस लेआँव या ब्राझिलियन शास्त्रज्ञाला सशांच्या मेंदूवर जवळपास त्याच वेगाची लाट सापडली. आधी चकाकी आणि मग आंधळा डाग, आधी मुंग्या आणि मग बधिरपणा, हा क्रम त्या लाटेचा आहे. मिनिटाला ३ मिलिमीटर म्हणजे वीस मिनिटांत ६ सेंटिमीटर. माझ्या मुंग्या बोटांपासून ओठापर्यंत इतक्या सावकाश का जातात, याचं उत्तर मला त्या गुणाकारात मिळालं.

आधी पक्षाघात समजा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. एखाद्याचा हात, पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू आयुष्यात पहिल्यांदा गेली, तर तो पक्षाघात (स्ट्रोक) आहे असंच धरून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायची. घरी बसून ‘मायग्रेन असेल’ म्हणायचं नाही. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ घड्याळात पाहून लिहा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

दोन्हींच्या चालीत फरक असतो. पक्षाघात बहुधा क्षणात येतो: हात, चेहरा, बोलणं सगळं एकाच वेळी जातं. मायग्रेनची कमजोरी बहुधा चढत जाते, एक लक्षण ओसरताना दुसरं सुरू होतं, आणि त्यात ‘नसलेलं दिसणं’ असतं, चकाकी आणि मुंग्या असतात. पक्षाघातात ‘असलेलं जाणं’ जास्त असतं. पण या फरकाचा उपयोग डॉक्टरांना माहिती देण्यासाठी करायचा. घरच्या घरी निकाल लावण्यासाठी तो पुरेसा नाही. आकडी येऊन गेल्यावरही काही वेळ एक बाजू लुळी राहू शकते, मेंदूतली गाठ किंवा संसर्गही असंच रूप घेऊ शकतो. एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, गरज पडली तर ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), हे सगळं त्यासाठीच करतात. माझा एमआरआय स्वच्छ आला तेव्हा एका नातेवाइकाने ‘म्हणजे काहीच नाही’ असं म्हटलं. या आजारात एमआरआय बऱ्याचदा स्वच्छच असतो. तपासणी बाकीची कारणं वगळते आणि निदान तुमच्या हकिकतीतून होतं. रक्तवाहिन्यांमध्ये नळी घालून करायची अँजिओग्राफी सुचवली गेली तर मात्र आपला आजार आवर्जून सांगा. तिने अटॅक सुरू झाल्याची उदाहरणं आहेत, आणि बऱ्याचदा एमआर किंवा सीटी अँजिओग्राफीने काम भागतं.

निदान झालेल्यांनीही पुढच्या वेळी गाफील राहायचं नाही, कारण मायग्रेन असलेल्या माणसालाही पक्षाघात होऊ शकतो. मी आणि नवऱ्याने ठरवून टाकलंय की अशा वेळी चर्चा न करता थेट निघायचं: सगळं एका क्षणात गेलं, क्रम नेहमीचा नाही, डोकेदुखी वीज पडल्यासारखी एका मिनिटात शिगेला पोचली, ताप आहे आणि मान ताठ आहे, आकडी आली, हाक मारून जाग येत नाही, डोक्याला मार लागला आहे, किंवा कमजोरी नेहमीच्या वेळेत उतरायला लागली नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांतही थेट निघायचं. या आजाराच्या जोरदार अटॅकमध्ये ताप, गोंधळ आणि गुंगी येऊ शकते, हे खरं आहे. पण ते मायग्रेनचं की आणखी कशाचं, हे रुग्णालयातच ठरलं पाहिजे.

बधिर हात आणि कमजोर हात

हा फरक मला वर्षानुवर्षं कळत नव्हता, त्यामुळे डॉक्टरांनाही मी चुकीचं सांगत होते. हात बधिर झाला की तो जड वाटतो, आपलाच नसल्यासारखा वाटतो, पण ताकद शाबूत असू शकते. हे साध्या ऑरामध्येही होतं. हेमिप्लेजिक म्हणायला ताकद जायला हवी.

घरच्या कुणाला तरी हे तपासायला शिकवून ठेवा. डोळे मिटून दोन्ही हात समोर, तळवे वर करून दहा सेकंद धरायचे. कमजोर हात खाली येतो, तळवा आत वळतो. मग समोरच्याने आपली दोन-दोन बोटं रुग्णाच्या दोन्ही मुठींत द्यायची आणि एकदम आवळायला सांगायचं, पकडीतला फरक बोटांना लगेच कळतो. दात दाखवून हसायला सांगायचं. एक ठरलेलं वाक्य म्हणून घ्यायचं. आमचं वाक्य आहे, ‘आज खिडकीतून उजेड चांगला येतोय.’ ज्या अटॅकने माझं निदान झालं त्यात नवऱ्याने फोनवर चार मिनिटांचं चित्रीकरण केलं होतं, वेळ मोठ्याने सांगत. न्यूरोलॉजिस्टनी ते दोनदा पाहिलं. माझ्या चौदा वर्षांच्या सांगण्यापेक्षा ती चार मिनिटं जास्त कामी आली.

अटॅकची वही

प्रत्येक अटॅकला मी वहीचं एक पान देते. वर तारीख, आदल्या दोन रात्रींची झोप, पाळीचा दिवस, जेवण चुकलं होतं का, डोक्याला काही लागलं होतं का. खाली मिनिटांची रांग: ०, चकाकी, १२, मुंग्या बोटांत, २०, मुंग्या ओठात, ३०, पकड गेली, ४०, शब्द गेले. पहिल्या काही मिनिटांचं मी लिहिते, पुढचं अक्षर नवऱ्याचं असतं. बरं झाल्यावर कुठलं बळ कधी परत आलं ते मी भरते.

कारणं शोधताना घाई करू नका. मी कित्येक वर्षं प्रखर दिव्याला दोष देत होते. वहीची अठरा पानं भरल्यावर दिसलं की त्यांतले अकरा अटॅक काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आले होते. पुस्तक छपाईला जाईपर्यंत मी ठणठणीत असायचे, ताण उतरला की आडवी व्हायचे. मायग्रेनवाल्यांमध्ये हे पुष्कळांना होतं. आता काम संपल्याच्या रात्री मी मुद्दाम नेहमीच्याच वेळी झोपते आणि सकाळी नेहमीच्याच वेळी उठते, लोळत राहत नाही. अटॅक थांबले नाहीत, विरळ झाले.

बोलता येत नाही तेव्हा कागद

सगळ्यात असहाय अवस्था ही की आपल्याला आपला आजार ठाऊक आहे आणि तो सांगायला शब्दच नाहीत. एकदा तातडीच्या विभागात मी अशीच पडून होते. माझ्या अडखळण्याचा अर्थ नशा असा घेतला गेला. त्याच आठवड्यात मी कार्ड लिहिलं. ते पाकिटात पुढेच असतं आणि फोनच्या कुलूपबंद पडद्यावरही दिसतं. मजकूर असा:

‘मला हेमिप्लेजिक मायग्रेन आहे, न्यूरोलॉजिस्टने निदान केलेला. अटॅकमध्ये माझी एक बाजू लुळी पडते आणि बोलता येत नाही. मला ऐकू येतं आणि बहुतेक समजतं. कृपया पक्षाघात नाही याची खात्री करून घ्या. माझा नेहमीचा क्रम: दृष्टी, मुंग्या, हात, बोलणं, सुमारे ४० मिनिटांत. यापेक्षा वेगळं दिसलं तर नवीन काही आहे असं समजा. ट्रिप्टान आणि अर्गोटामाइन ही मायग्रेनची औषधं देऊ नयेत. चालू औषधं मागे लिहिली आहेत.’

पाठीमागे औषधांची नावं, मात्रा, अॅलर्जी, नवऱ्याचा आणि न्यूरोलॉजिस्टचा फोन, आणि कार्ड लिहिल्याची तारीख. औषध बदललं की कार्ड त्याच दिवशी बदलायचं. जुनं कार्ड धोक्याचं.

अटॅक चालू असताना

चकाकी दिसली की माझ्याकडे बोलायला साधारण चाळीस मिनिटं असतात. आधी गॅस बंद, दाराची कडी काढलेली, नवऱ्याला फोन. गाडी चालवत असाल तर तिथेच बाजूला घ्या. जिना, स्नानगृह, पोहणं, उंच जागा टाळा. मग अंधारी खोली आणि कुशीवर पडणं, कारण उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ नये.

डॉक्टरांनी ठरवून दिलेली वेदनाशामक आणि मळमळीची गोळी लवकर घ्यायची, जीभ जड होण्याआधी. बोलणं बिघडलं की तोंडात काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, ठसका लागून घात होऊ शकतो. आणि निदानच नसलेल्या माणसाला घरच्यांनी अॅस्पिरिन देऊ नये. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ती उलटते.

सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान यांसारखी ट्रिप्टान गटातली औषधं साध्या मायग्रेनमध्ये छान चालतात. ती रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून आमच्या प्रकारात ती वापरू नयेत अशी सूचना असते. अर्गोटामाइनचंही तेच. काही तज्ज्ञांनी ट्रिप्टान देऊन पाहिली आहेत आणि मोजक्या रुग्णांत त्रास दिसला नाही, पण तो निर्णय न्यूरोलॉजिस्टचा. शेजारणीची मायग्रेनची गोळी घ्यायची नाही, एवढं आपल्या हातात आहे. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस घेतल्या तर त्या स्वतःच डोकेदुखी निर्माण करतात, म्हणून वहीत गोळ्यांचे दिवसही मोजा.

रोजची औषधं

अटॅक वारंवार येत असतील किंवा थोडे पण जबर असतील, तर प्रतिबंधाची औषधं देतात: वेरापामिल, फ्लुनारिझिन, अॅसिटाझोलामाइड, टोपिरामेट, लॅमोट्रिजिन, अॅमिट्रिप्टिलिन. आजार इतका विरळा आहे की यांच्या मोठ्या चाचण्या झालेल्याच नाहीत. लहान अभ्यास आणि डॉक्टरांचा अनुभव, यावर निवड होते. म्हणून एक औषध लागू पडलं नाही तर निराश होऊ नका, पण प्रत्येकाला दोन-तीन महिने द्या.

मला आधी टोपिरामेट दिलं. अटॅक कमी झाले, पण अटॅक नसतानाही शब्द सापडेनात. हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, आणि मी शब्दांवरच पोट भरते. ‘मुद्रणदोष’ हा शब्द आठवायला मला एका सकाळी पाच मिनिटं लागली, तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला. ते हळूहळू कमी करून वेरापामिल सुरू केलं. त्याने बद्धकोष्ठता होते आणि अधूनमधून ईसीजी काढावा लागतो. तो सौदा मला परवडला. फ्लुनारिझिनने वजन वाढू शकतं, मन उदास होऊ शकतं, हे घेणाऱ्याच्या घरच्यांनाही सांगून ठेवा. गरोदर राहण्याचा विचार असेल तर आधीच बोला, टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट गर्भाला घातक ठरू शकतात.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ऑरा असलेल्या कुठल्याही मायग्रेनमध्ये टाळायच्या असतात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. मी त्या सहा वर्षं घेतल्या, कारण डोकेदुखीच्या आधी काय दिसतं हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तुम्ही न विचारता सांगा. सिगारेटचंही तसंच, ती सोडाच.

घराण्याकडे पाहताना

माझ्या वडिलांचा हात वर्षातून एक-दोनदा ‘रुसायचा’. आमच्या घरात तोच शब्द होता. ते दिवसभर अंधारात पडायचे आणि उठले की कुणी काही विचारायचं नाही. माझं निदान झाल्यावर मी त्यांना चकाकीबद्दल विचारलं, तेव्हा ते ७० वर्षांचे होते. त्यांनी बोटाने हवेत दातेरी रेघ काढली.

जवळच्या नात्यात आणखी कुणाला असा अटॅक येत असेल तर आजार कौटुंबिक म्हणायचा, नाहीतर एकांडा. कौटुंबिक प्रकारातली तीन जनुकं माहीत आहेत: सीएसीएनए१ए हे १९९६ मध्ये सापडलं, मग २००३ मध्ये एटीपी१ए२ आणि २००५ मध्ये एससीएन१ए. तिन्ही जनुकं मेंदूच्या पेशींमध्ये क्षारांची ये-जा सांभाळणाऱ्या प्रथिनांची आहेत. दोष आई-वडिलांपैकी एकाकडे असला तरी प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. तो मिळूनही प्रत्येकाला आजार होईलच असं नाही, आणि तपासणीत काही सापडलं नाही म्हणून आजार नाही असंही नाही. आमच्या तपासणीत काहीच सापडलं नाही.

आजार बहुतेकदा लहानपणी किंवा विशीच्या आत सुरू होतो, म्हणून घरात रुग्ण असेल तर मुलांच्या शाळेला आधीच लेखी कळवा. खेळताना डोकं आपटलं तर हलक्यात घेऊ नका. काही घराण्यांत, विशेषतः सीएसीएनए१एच्या एका दोषात, किरकोळ माराने मेंदूला जबर सूज आलेली आहे.

माझ्या मुलीला पहिला अटॅक तेराव्या वर्षी आला. मला क्रम ओळखीचा वाटत होता, तरी आम्ही तिला थेट रुग्णालयात नेलं आणि सगळ्या तपासण्या होऊ दिल्या. तिचं कार्ड तिनेच लिहिलं. माझ्या कार्डातली वाक्यं तिने उतरवून घेतली, क्रम स्वतःचा घातला, आणि शेवटी एक ओळ जास्तीची लिहिली: ‘माझ्याशी बोलत राहा, मी उत्तर नंतर देईन.’ ती ओळ मी माझ्याही कार्डावर चढवली आहे.